कापलेल्या मिनिटांचा हिशेब

फराळासोबत वाचायचा हा विषय नव्हे, हे मान्य. तरीही अमेरिकेतल्या गर्भपातविरोधी चळवळीवरचा लेख या अंकात घेतला आहे आणि त्यावरून आमच्यात जुंपलीही. लेखकांनी २०१५ च्या चित्रफितींना ‘बनावट’ म्हटलं होतं.

डेव्हिड डेलायडन या कार्यकर्त्याने त्या चोरून टिपल्या. गर्भाच्या ऊती विकत घेणारी कंपनी असल्याची बतावणी करून त्याच्या माणसांनी गर्भपाताची सेवा देणाऱ्या ‘प्लॅन्ड पेरेंटहुड’ या संस्थेच्या एका वरिष्ठ डॉक्टरांना जेवायला नेलं. समोर सॅलड, वाइनचा पेला, आणि बोलणं गर्भाच्या अवयवांचं. बघताना पोटात ढवळतं. आम्ही गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, तरी आमच्याही ढवळलं. पण तो गुन्ह्याचा पुरावा होत नाही. तिथल्या कायद्याने संशोधनासाठी ऊती देता येतात, वाहतूक-साठवणीचा रास्त खर्च घेता येतो. नफा घेता येत नाही. नफा कमवायचा नाही, हे त्या डॉक्टर बोलल्याही होत्या. नऊएक मिनिटांच्या फितीत ते नाही, अडीच तासांहून लांब चित्रणात आहे. आणि गंमत अशी, की ते लांब चित्रणही डेलायडनच्या संस्थेनेच खुलं केलं होतं.

मग ‘बनावट’ कशाच्या जोरावर? लेखकांनी ‘फ्यूजन जीपीएस’ या कंपनीच्या अहवालाकडे बोट दाखवलं: चित्रणात काटछाट आहे, पुरावा म्हणून ते निरुपयोगी. ‘कोलफायर’ या कंपनीचा अहवाल मात्र म्हणतो, चित्रण अस्सल. पहिल्याचे पैसे मोजले प्लॅन्ड पेरेंटहुडने, दुसऱ्याचे ‘अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम’ या गर्भपातविरोधी वकिलांच्या संघटनेने. दोन्हीकडचे लोक आपापला अहवाल नाचवतात आणि बिल कोणी भरलं तेवढं गाळतात.

निकालांचंही तेच. जानेवारी २०१६ मध्ये टेक्सासच्या ग्रँड ज्युरीला प्लॅन्ड पेरेंटहुडचं काही गैर आढळलं नाही, उलट डेलायडनवरच आरोप ठेवले गेले. याचा केवढा गाजावाजा झाला! जुलैत ते आरोप मागे घेतले गेले, ते आमच्या लेखातही नव्हतं. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीने त्याला आणि साथीदारांना फसवणुकीबद्दल वीस लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. ही फसवणूक आत शिरण्यासाठी केलेली. चित्रण बनावट असणं ही वेगळी गोष्ट, आणि ती सिद्ध झालेली नाही.

आपल्या वाचकासाठी आणखी एक खुलासा घातला आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला तो गर्भलिंगचाचणीविरुद्ध. गर्भपाताला देशात १९७१ च्या कायद्याने, अटींसह, मुभा आहे. इथल्या गर्भलिंगचाचणीविरोधी मोहिमेच्या चष्म्यातून अमेरिकेतले निदर्शक पाहू नयेत.

एवढं तोलूनमापून लिहिलं की लेखाची धार जाते, असं लेखकांचं म्हणणं. थोडी गेली खरी. एका विशेषणाच्या जागी सात ओळी आल्या आणि उटण्याची जाहिरात पुढच्या पानावर सरकवावी लागली.