एकांत शोधणारा पाहुणा आणि भंडारदऱ्याचा शेतकरी

भंडारदऱ्याच्या जलाशयाजवळ, शेंडीच्या अलीकडे, आमचे एक स्नेही शेतकरी आहेत. दरसाल दिवाळीनंतर त्यांच्याकडून घरच्या तांदळाची दोन पोती आमच्याकडे येतात व आमच्याकडून गुळाची ढेप त्यांच्याकडे जाते, असा जुना व्यवहार आहे. यंदा वैशाखात त्यांचा निरोप आला तो मात्र तांदळाविषयी नव्हता. पुण्याच्या एका महाविद्यालयात शिकविणारे कोणी गृहस्थ त्यांच्याकडे येऊन गेले. त्यांस एक ग्रंथ पुरा करावयाचा आहे व त्यासाठी दोन महिने शेतावर राहावयाचे आहे. खोली साधी चालेल, जेवण घरचे चालेल, गडबड मात्र नको, असे त्यांचे म्हणणे. शेजाऱ्यांनी आमच्या स्नेह्यांस वेड्यात काढले. तेवढ्याच जागेत दहा तंबू ठोकले तर दोन महिन्यांचे भाडे चार शनिवार-रविवारांत सुटेल, असा त्यांचा हिशेब. “तुम्ही मासिकात लिहिता, तेव्हा काय करावे ते सांगा,” असे स्नेह्यांनी विचारले. त्यांस जे कळविले तेच थोड्या विस्ताराने येथे देत आहे. कारण धरणाच्या काठी हा प्रश्न आता पुष्कळांच्या दारात आला आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. असा पाहुणा ठेवावा. तंबूंच्या नादी लागू नये. मात्र तो कोणत्या महिन्यात ठेवावा आणि त्याचा खर्च कोणाच्या श्रमांतून निघतो, याचा विचार आधी व्हावा.

चित्त लावून काही रचावयाचे तर गजबजीतून बाजूस व्हावे, ही काही आजची हौस नव्हे. प्रवरा जेथे उगम पावते त्या रतनगडाच्या परिसरात अगस्ती ऋषींनी तप केले, अशी अकोले तालुक्यातील जुनी श्रद्धा आहे. ती श्रद्धा म्हणून सोडून दिली, तरी याच प्रवरेच्या काठाने खाली उतरत गेले म्हणजे नेवासे लागते, आणि तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सांगणारे ज्ञानेश्वर महाराज आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. एवढा ग्रंथ राजधानीत न होता नदीकाठच्या एका गावी झाला, हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परदेशातील एक उदाहरण तर आमच्या प्रश्नास अगदी लागू पडते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर प्रांतात पीटरबरो या गावी एडवर्ड मॅक्डॉवेल नावाच्या संगीतकाराने व त्याची पत्नी मॅरियन हिने १८९६ साली एक शेत विकत घेतले. तेथे आपले काम चांगले होते असा अनुभव आल्यावर, इतर लेखक, चित्रकार व संगीतकार यांसही ती सोय मिळावी म्हणून १९०७ साली त्यांनी तेथे संस्था उभी केली. पुढल्याच वर्षी मॅक्डॉवेल वारला. बाईंनी संस्था चालविली व ती आजही चालू आहे. झाडीत एकमेकींपासून दूर अशा झोपड्या आहेत. दुपारचे जेवण टोपलीत घालून झोपडीच्या दाराशी ठेवतात आणि आणणारा मुकाट्याने परत जातो. या टोपलीकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या ना. धों. महानोरांस शेतावर जाऊन राहण्यासाठी कोणाची खोली भाड्याने घ्यावी लागली नाही. खरे आहे. ते अजिंठ्याच्या डोंगराकडील पळसखेड्याचे शेतकरीच होते. १९६७ साली त्यांच्या ‘रानातल्या कविता’ प्रसिद्ध झाल्या त्या शेत कसणाऱ्याच्या हातच्या, आणि २०२३ मध्ये ते निवर्तले तोवर त्यांची ओळख कवी व शेतकरी अशी जोडीनेच राहिली. परंतु ज्याला शेत नाही त्याने काय करावे? त्याने शेत विकत घ्यावे, हे एक उत्तर आहे. त्या उत्तराचे भय आम्हांस वाटते. त्याविषयी पुढे लिहू.

आता पाहुण्याची गरज आणि शेताची स्थिती यांचा मेळ पाहू. तंबूवाल्या मंडळींना दिवे, गाणी, शेकोटी आणि मोटारी ठेवण्यास मोकळी जागा लागते. म्हणजे खाचराचा एखादा तुकडा बुजवावा लागतो. भाताचे खाचर बांध घालून, माती अडवून तयार होण्यास दोन पिढ्या लागतात आणि बुजविण्यास एक यंत्र व एक सकाळ पुरते. वैशाख-ज्येष्ठात काजव्यांसाठी लोटणारी गर्दी आपण पाहतोच. काजवा आपल्या प्रकाशाने जोडीदारास खूण करतो. त्याच्या झाडाखाली मोटारीचा झोत सोडणारा मनुष्य जे पाहावयास आला तेच विझवीत असतो. ग्रंथ लिहिणाऱ्यास यांपैकी काहीच नको. त्यास लागते ती पडवीतील एक खोली, एक मेज, रात्रीचा अंधार व दिवसाची स्वस्थता. या गोष्टी शेतावर आधीच असतात व त्या देण्यासाठी शेत मोडावे लागत नाही.

शेतावर स्वस्थता असते हे आम्ही लिहिले खरे, पण त्याला पुरवणी जोडणे प्राप्त आहे. पूर्वी आमच्या पाटावरच्या वस्तीवर एक कवी माघात येऊन राहिले होते. बांधापलीकडे गुऱ्हाळ चालू होते. चुलवणाचा धूर, रात्रीची मोटार, पहाटेचा कोंबडा. चौथ्या दिवशी डोळे चोळीत ते एस. टी.त बसले. पुढे एक चित्रकार आले, ते दीड महिना राहिले. रात्री पाण्याची पाळी आली की तेही विजेरी घेऊन बांधावर येत आणि बारे मोडताना पाहत उभे राहत. आम्हांस प्रथम त्यांची अडचण वाटे. नंतर त्यांनी चिखलात उभ्या माणसांची चित्रे दाखविली, त्यांत आमच्या गड्याची पाठ त्याच्या आईने ओळखली. तेव्हा पाहुण्यास आधीच साफ सांगावे की, शेत हे कामाचे ठिकाण आहे, येथे माणसे पहाटे उठतात व मोठ्याने बोलतात. भंडारदऱ्याकडे तर घाटघर-रतनवाडीच्या अंगाने पाऊस शंभर इंचांच्या पुढे मोजतात. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, वीज जाते. हे ज्यास चालेल त्यानेच यावे.

महिन्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्राध्यापक महाशयांनी आषाढ मागितला होता. पाऊस, ढग आणि धबधबे त्यांच्या मनात असणार. परंतु आषाढ म्हणजे आवणी. सारे घर गुडघाभर चिखलात असते, रोपे मुठीमुठीने उपटून खाचरात नेली जात असतात, आणि एक दिवस चुकला तर रोप जून होते. अशा वेळी पाहुण्याचा दहा वाजताचा चहा व एक वाजताचे ताट कोणी करावयाचे? ते घरची बाई करणार. ती पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून, दिवसभर वाकून आवणी करून आलेली असते. पाहुणचाराच्या आजवरच्या सर्व हिशेबांत आम्हांस हा रकाना कोरा आढळला आहे. भाडे मालकाच्या खिशात, आणि श्रम जिचे तिला “घरचेच तर काम” असे म्हणावयाचे! एका माणसाचे दोन वेळचे जेवण, चहा, झाडलोट आणि धुणे यांस दिवसाचे चार तास धरले, तरी ती अर्धी रोजंदारी झाली. साठ दिवसांत तीस रोज होतात. हे तीस रोज त्या गावी चालू असलेल्या दराने प्रथम बाजूस काढून त्या बाईच्या हाती द्यावे, आणि मग उरेल त्यास उत्पन्न म्हणावे. काही उरत नसेल तर भाडे वाढवावे.

पीटरबरोची टोपली येथे उपयोगी पडते. ताट वाढून समोर बसण्याची रीत या पाहुण्यापुरती सोडावी. सकाळी घरची भाकरी होते त्याच वेळी त्याचा डबा भरून दाराशी ठेवावा. त्यासही तेच बरे. जेवणासाठी उठविलेला लेखक तासभर वाया जातो, असे ते स्वतःच सांगतात.

भाडे वाढविण्याविषयी संकोच नको, असे आम्ही पाटावरचे लोक सांगतो तेव्हा ते थोडे लाजतच सांगतो. विल्सन बंधाऱ्याचे काम १९१० साली निघून १९२६ साली पुरे झाले. सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी तेथे अडते. त्या पाण्यावर आमचा ऊस उभा राहिला, प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, आमची मुले शिकली. डोंगरातल्या माणसाकडे पाऊस आमच्या पाचपट, आणि फाल्गुनात त्याच्या बाईला डोक्यावरून पाणी आणावे लागते अशी गावे तेथे अजून आहेत. पाण्याचा भाव त्यास कोणी विचारला नव्हता. आता शहर त्याच्याकडे शांतता मागावयास आले आहे, तर निदान तिचा भाव त्यास ठरवू द्यावा.

आता जमिनीविषयी. जागा आवडली म्हणजे पाहुणा दुसऱ्या वर्षी हळूच विचारतो, “पाण्याच्या बाजूचे दहा गुंठे देता का?” आमच्या स्नेह्यांसारखे पुष्कळ शेतकरी महादेव कोळी समाजाचे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, गहाण वा भाडेपट्टा अशा कोणत्याही वाटेने सरकारी मंजुरीवाचून जाऊ शकत नाही. इतरांच्या बाबतीतही १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ आहेच. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या नावावर कागद करून देऊ म्हणणारा मध्यस्थ दारात आला, तर त्यास पाणी पाजून वाटेस लावावे. पाहुण्याशी लेखी टिपण जरूर असावे, पण ते किती दिवस, किती पैसे आणि कोणते जेवण एवढ्यापुरते. जमिनीचा पट्टा वाटेल असा एक शब्दही त्यात नसावा. राज्य सरकारने २०२० च्या सप्टेंबरात कृषि पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे व पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी होते. वर्षाकाठी एकापेक्षा अधिक पाहुणे ठेवावयाचे ठरेल तर ती चौकशी करावी.

आणखी एक अट आम्ही सुचविली, ती काहींस विचित्र वाटेल. पाहुणा घरातल्या आजीच्या गोष्टी ऐकणार, वरईच्या व नागलीच्या वाणांची नावे टिपून घेणार. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे राखले, म्हणून त्यांस २०२० ची पद्मश्री मिळाली. असे ज्ञान फुकटचे नसते. तेव्हा घरच्या माणसांविषयी जे लिहिले ते जाण्यापूर्वी त्यांस वाचून दाखवावे, आणि नको म्हटले ते गाळावे. शिवाय, पाहुणा गेल्यावर ती खोली घरच्या मुलीस द्यावी. स्नेह्यांची धाकटी संगमनेरास शिकते व वहीत काही लिहिते असे कळते. तिच्यासाठी आजवर त्या घरात मेज नव्हते.

आषाढ नको, आवणी आटोपल्यावर श्रावणापासून भात कापणीस येईपर्यंत या. तेव्हा खाचरात बेणणीखेरीज मोठे काम नसते व पुढे उतारावर खुरासणी पिवळी होते, असे प्राध्यापकांस कळविण्यात आले. त्यांनी ते मान्य केले आहे. भाड्याचा आकडा स्नेह्यांनी आम्हांस सांगितला नाही. तो त्यांच्या घरी दोघांनी मिळून ठरविला, एवढेच सांगितले. घरच्या बाईंनी पाहुण्यास एकच प्रश्न विचारावयास लावला, तो असा की, नागलीची भाकरी खाल का, की दोन महिने रोज पोळ्या लाटाव्या लागतील? त्याचे उत्तर हा लेख छापावयास देईपर्यंत आलेले नाही.