तपासणीला नवराही हवा
जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावांत गरोदर महिला तपासणीला बहुधा सासू किंवा आशाताईंसोबत जाते. नवरा गाडी लावून बाहेर थांबतो. पण रात्री कळा सुरू झाल्या, की गाडी, पैसे आणि दवाखाना तोच ठरवतो. मग धोक्याची लक्षणे त्याला माहीत नकोत का? रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे... यापैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०२ किंवा १०८ वर फोन करावा.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. त्याच दिवशी होणाऱ्या वडिलांसाठीही अर्धा तास राखून ठेवावा. तोवर निदान एवढे करा : येत्या ९ तारखेला दोघेही आत जा.