आबा, हलू नका!

परवा ऑफिसच्या टेरेसवर आमचा एक ज्युनिअर मोबाइल आकाशाकडे रोखून उभा होता. 'रेंजच नाहीये, सर!' त्याची ती पोज बघून मला एकदम आमच्या मलकापूरचं घर आठवलं.

मलकापूर म्हणजे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे. 1997 साली मी आठवीत होतो आणि रेडिओचं वेड पुरतं डोक्यात गेलं होतं. सांगली आकाशवाणी मस्त लागायची, कारण मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून लांब जातात. एफएमचं तसं नाही. ते साधारण नजरेच्या रेषेत धावतं. मध्ये डोंगर आला की खल्लास. त्यामुळे कोल्हापूरचं 102.7 आमच्याकडे नुसतं खरखरायचं.

उपाय एकच, घरगुती अँटेना. हिशेब सोपा आहे. 300 भागिले 102.7 म्हणजे लहरीची लांबी 2.92 मीटर. तिचं निम्मं 1.46. त्यातून पाचेक टक्के वजा केले की उरले 1.39. म्हणजे तांब्याच्या तारेचे साधारण 70-70 सेंटिमीटरचे दोन तुकडे. ते बांबूच्या काठीवर एका रेषेत बांधायचे, मधे बोटभर जागा सोडायची आणि तिथून रेडिओपर्यंत केबल आणायची. बांबू परड्यातला, तार जळक्या मोटारीतली. खर्च शून्य! फक्त केबल नव्हती.

ती मी टीव्हीची कापली. तीही शनिवारी.

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि अँटेनाही बोलेना! काठीचं टोक बरोबर कोल्हापूरवर रोखलं होतं, तरी खरखर ती खरखरच.

सोमवारी आबा नवी केबल घेऊन कौलांवर चढले. माझी काठी वाटेत आली, म्हणून रागानं त्यांनी ती आडवी फिरवली. आणि खाली रेडिओ चक्क गायला लागला!

'आबा, हलू नका!'

'म्हंजे? हितंच हुबा ऱ्हाऊ व्हय रं?'

'गाणं संपेपर्यंत!'

आणि ते खरंच उभे राहिले.

कारण मला नंतर कळलं. अशी अँटेना टोकांकडून जवळजवळ बहिरी असते, ऐकते ती दोन्ही कुशींनी. कोल्हापूर आमच्या आग्नेयेला, म्हणून तार हवी ईशान्य-नैऋत्य. मी नेमकं उलटं केलं होतं.

हे सगळं ऐकून ज्युनिअर म्हणाला, 'सर, पण आबांचं पुढे काय झालं?'

काही नाही. गाणं संपल्यावर त्यांनी काठी तिथंच सुतळीनं घट्ट बांधली, खाली उतरले आणि म्हणाले, 'जरा मोठ्यानं लाव की.'