विश्लेषण : चार दिवसांचा मिशन दौरा आणि मागे राहणारी माणसे

वारीत चालणारा वारकरी सगळ्यांना दिसतो. पहाटे ट्रक घेऊन पुढे जाणारा, मुक्कामी तंबू ठोकणारा, शेकडो माणसांच्या भाकरीचे गणित जमवणारा मात्र दिसत नाही. तो नसेल तर दिंडी दुसऱ्या मुक्कामालाच अडेल. ख्रिस्ती संस्थांच्या अल्पकालीन मिशन दौऱ्यांचेही तसेच आहे. आरोग्य शिबिर घेणारे डॉक्टर आणि प्रार्थना घेणारे पाहुणे छायाचित्रात असतात. चालक, दुभाषी, स्वयंपाकी आणि हिशेब ठेवणारा छायाचित्राबाहेर. दौरा सफल होतो की गावाच्या डोक्याला ताप ठरतो, हे याच माणसांवर अवलंबून असते. तरीही आखणीत त्यांना विचारले जात नाही. रायगडच्या किनाऱ्यावर हे उफराटे गणित चालणारे नाही.

अल्पकालीन मिशन दौरा म्हणजे काय?

चर्च किंवा ख्रिस्ती संस्थेचा गट काही दिवस ते काही आठवड्यांसाठी दुसऱ्या प्रदेशात जातो. घरबांधणी, वैद्यकीय तपासणी, मुलांसाठी उपक्रम आणि सोबत प्रार्थना किंवा धर्मप्रचार, असे त्याचे स्वरूप असते. अमेरिकेतून दरवर्षी सुमारे १६ लाख चर्च सदस्य अशा परदेश दौऱ्यांवर जातात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००५ च्या सर्वेक्षणावरून मांडला होता. या गटांमागे सहायक स्वयंसेवकांची फळी असते. सामान बांधणे, औषधांची नोंद, गाड्या, जेवण, भाषांतर आणि आजारी पडलेल्या पाहुण्याची देखभाल ही तिची कामे. काही जण गटासोबत येतात, काही मुंबई-पुण्यातून जोडले जातात आणि सर्वांत मोक्याचे काही जण त्या गावातलेच असतात.

किनाऱ्याचा इतिहास काय सांगतो?

मिशनरी या किनाऱ्याला नवे नाहीत. कोर्लईत पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथली पोर्तुगीज वळणाची बोली आजही घराघरांत बोलली जाते. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला उतरले. त्यांनी मराठी शिकून शाळा काढल्या. त्यांच्यातल्या जॉन स्टीव्हन्सन यांनी पुढे मराठीचे व्याकरण लिहिले. मात्र या काळातल्या मिशन शाळांमध्ये रोज शिकवणारे बहुतेक शिक्षक इथलेच होते आणि त्यांतले अनेक ख्रिस्तीही नव्हते.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्रायली, म्हणजे शनिवार तेली, समाजाचा अनुभव बोलका आहे. मिशनऱ्यांच्या शाळांमुळे त्यांना हिब्रू आणि मराठी शिक्षणाची वाट मिळाली. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. समाजाने विद्या घेतली, धर्म मात्र आपलाच राखला. वर्षानुवर्षे राहून, भाषा शिकून काम करणाऱ्यांनाही गावाने आपल्या अटींवर स्वीकारले. चार दिवसांच्या पाहुण्याने हे विसरू नये.

स्थानिक माणूसच का हवा?

परदेशी गटांना सोयीचा काळ म्हणजे नाताळची सुट्टी. नेमक्या त्याच काळात रायगडातल्या कातकरी वाड्या ओस असतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर आरोग्य शिबिर लावले तर तपासायला म्हातारी माणसेच सापडतील. कोळीवाड्याचे वेळापत्रकही वेगळे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी. एरवी घरातला कर्ता माणूस समुद्रावर असतो. मुरूडकडून दिवेआगरला औषधे न्यायची तर आगरदांडा-दिघी फेरीबोट चुकवून चालत नाही, नाहीतर मोठा वळसा पडतो.

हे कुठल्याही माहितीपत्रकात नसते. ते टेम्पोचालकाला, आशाताईला, बचत गटातल्या बाईला ठाऊक असते. म्हणून तारखा ठरल्यावर त्यांना ‘मदतीला या’ म्हणणे उशिराचे ठरते. तारखाच त्यांनी ठरवायला हव्यात.

निसर्ग चक्रीवादळात काय दिसले?

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला निसर्ग चक्रीवादळ धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड तालुक्यांत सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. टाळेबंदीमुळे परदेशी पथके येण्याचा प्रश्नच नव्हता. मदत आली ती राज्यातूनच. सर्व धर्मांच्या आणि कुठल्याच धर्माच्या नसलेल्या संस्थांकडून. आधी हवे होते पत्रे, ताडपत्री, दिवे आणि पडलेली झाडे कापणारे हात. त्यानंतर हवी होती चिकाटी, कारण नवी सुपारी फळायला पाच-सात वर्षे जातात. वाडीच्या मालकाला चार दिवसांच्या पाहुण्यापेक्षा पुढच्या पावसात पुन्हा येऊन रोपे किती जगली ते पाहणारा माणूस मोलाचा.

बाहेरच्यांनी घर बांधणे महाग का पडते?

१९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतल्या चर्च गटांनी घरे बांधली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी त्याचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून गटाने बांधलेले घर सरासरी ३० हजार डॉलरला पडले. तसेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये उभारत होती. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र ते कुणी बांधले यामुळे फरक दिसला नाही. अर्थ साधा आहे. रायगडातल्या गवंड्याला मजुरी देऊन काम होत असेल, तर पाहुण्याने विमानाने येऊन वीट उचलणे ही गावाची गरज नसून पाहुण्याची हौस आहे.

कायदा काय सांगतो?

पर्यटक व्हिसावर परदेशी नागरिकाला जास्तीत जास्त एक महिना, विनामोबदला स्वयंसेवा करता येते. धार्मिक स्थळी जाणे, प्रवचन ऐकणे यालाही हरकत नाही. मात्र धर्मविचारांचा प्रचार, धार्मिक स्थळी भाषण, पत्रके वाटणे, धर्मांतराचा प्रयत्न याला मनाई आहे. मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा लागतो. परदेशी पाहुणा उतरवणाऱ्याला, मग ते हॉटेल असो वा नागावचे घरगुती निवास, २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. परदेशी निधीसाठी परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

राज्यघटनेचे कलम २५ धर्माचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले आहे.

चुकीची किंमत कोण मोजतो?

पाहुण्याने औषधाच्या पुडीसोबत धार्मिक पत्रक दिले, तर त्याला फार तर परत पाठवले जाईल. गाडी चालवणारा, भाषांतर करणारा, खोली देणारा मात्र इथेच राहतो. पोलीस ठाण्यातले प्रश्न, गावकीतली कुजबुज आणि समाजमाध्यमांवर फिरणारी चित्रफीत त्याच्याच वाट्याला येते. पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांकडेही मग संशयाने पाहिले जाते. उलट, धान्य वाटणाऱ्या प्रत्येकावर धर्मांतराचा शिक्का मारणेही अन्यायाचेच. संशय आणि मदत यांच्यामध्ये उभा असतो तो हाच सहायक. त्याला नियम माहीत असणे आणि ‘हे इथे चालणार नाही’ म्हणण्याचा अधिकार असणे, हेच त्याचे खरे संरक्षण.

मग जायचे की नाही?

जरूर जावे, पण गावाने किंवा तिथे कायम काम करणाऱ्या संस्थेने बोलावल्यावर. मदत आणि प्रार्थना यांची वेळ, जागा आणि माणसे वेगळी ठेवावीत. औषध घेणाऱ्याला प्रार्थनेला बसावे लागू नये. स्थानिक चालक, दुभाषी, स्वयंपाकी यांचे काम ‘सेवा’ म्हणून फुकट मागू नये. त्यांचा रोज बुडतो, तो भरून द्यावा. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाने त्यांच्या हाताखाली काम करावे. भांडी घासावीत, खोकी उचलावीत, नोंदी ठेवाव्यात. भूतदया आणि शेजारधर्म या किनाऱ्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. मदतीला येणाऱ्याने आधी चुलीपाशी बसून गाव काय म्हणते ते ऐकावे, मग जे सांगितले जाईल ते करावे.