दम्याचा फवारा आणि आपली लाज

हरिहरेश्वराच्या किनाऱ्यावर पावसाळा लागला, भिंतींना ओल आली, चुलींत ओलीं लाकडें धुमसूं लागलीं, कीं वर्गांतल्या एखाद्या बांकावरून धाप ऐकूं येऊं लागते. गतवर्षीं अशाच एका मुलास आम्हीं कासावीस होतांना पाहिलें. औषधाचा फवारा त्याच्या दप्तरांतच होता; परंतु मित्र हंसतील म्हणून त्यानें तो बाहेर काढिला नाहीं! ईश्वरकृपेनें तो सांवरला; पण तो प्रसंग आमच्या मनांतून जात नाहीं.

ही लाज मुलें घरींच शिकतात. फवाऱ्याची संवय जडते, तो अखेरचा उपाय आहे, मुलीचें लग्न अडेल, असें पालकांच्या तोंडून आम्ही वारंवार ऐकतों. वस्तुस्थिति उलट आहे. साल्ब्युटामॉलच्या लहान गोळींत २ मिलीग्रॅम औषध असतें. फवाऱ्याच्या एका दाबांत १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे तिचा विसावा भाग. गोळी सर्व शरीरभर फिरते. फवारा थेट श्वासनलिकांत पोहोंचतो. हें साधन निघालें तेंही एका दमेकरी मुलीच्या प्रश्नामुळें. केसांवरील फवाऱ्यासारखें माझें औषध कां नसावें, असें १९५५ सालीं अमेरिकेंत तिनें आपल्या वडिलांस, औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांस, विचारिलें. १९५६ सालीं तें बाजारांत आलें.

परंतु तें घेण्याची रीतही साधली पाहिजे. दाबणें आणि श्वास ओढणें लहान मुलांस एकाच क्षणीं जमत नाहीं. औषध घशांतच राहतें. म्हणून मध्यें स्पेसर नांवाचें नळकांडें लावावें. अगदीं लहानग्यांस त्यास जोडलेला मुखवटाही लागतो. अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीचा नीट बनविलेला स्पेसरही विकतच्याइतकाच उपयोगी पडतो, हें केपटाउनच्या डॉक्टरांनीं १९९९ सालीं दाखविलें. तेव्हां खर्चाची सबब उरत नाहीं. मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच करावा. शिवाय औषधें दोन प्रकारचीं असतात : धाप लागतांच आराम देणारें, व श्वासनलिकांची सूज आटोक्यांत ठेवणारें रोजचें. दुसरें, बरें वाटलें म्हणून आपल्या मनानें बंद करूं नये; तें घेतल्यावर चूळ भरावी.

पालकांस आमची विनंती कीं, शाळा उघडतांच पाल्याच्या दम्याविषयीं वर्गशिक्षकांस सांगावें, आणि फवारा केव्हां व किती द्यावा तें डॉक्टरांकडून लिहून आणावें. देवाची प्रार्थना अवश्य करावी. पण औषधही त्याच्याच कृपेचें दान समजावें.

आणि विद्यार्थी मित्रहो, सोबत्याच्या चष्म्यास तुम्ही हंसत नाहीं. मग फवाऱ्यास कां हंसावें? शेजाऱ्यास धाप लागली, तर शिक्षकांस हांक मारा आणि त्याचा फवारा त्याच्या हातीं द्या.