गोळी खिशात, गोष्ट मनात

रक्तदाबाची गोळी नवरा सर्वांदेखत घेतो. मधुमेहाची गोळी तर बायकोच आठवणीने त्याच्या हातावर ठेवते. पण एक गोळी अशी आहे, की जी ऑफिसच्या बॅगेच्या चोरकप्प्यात, पाकिटात किंवा जुन्या चष्म्याच्या डबीत दडवली जाते. ती विकत घेतानाही दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत माणूस उगाच डोकेदुखीचे मलम न्याहाळत उभा राहतो आणि मग हलक्या आवाजात काम सांगतो. समागमाच्या वेळी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, या तक्रारीवरची ही गोळी म्हणजे सिल्डेनाफिल. 'व्हायग्रा' या नावाने ती जगभर ओळखली जाते.

खरे तर ही तक्रार इतकी सर्वसामान्य आहे, की तिची लाज वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ४० ते ७० वर्षे वयाच्या पुरुषांची एक मोठी पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. तीत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के पुरुषांना ही अडचण कमीअधिक प्रमाणात असल्याचे आढळले. तरीही प्रत्येकाला वाटते, की हे फक्त आपल्याच नशिबी आले.

अपघाताने लागलेला शोध

इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच नावाचे गाव आहे. तेथे फायझर कंपनीचे संशोधक हृदयशूळावर औषध शोधत होते. छातीच्या दुखण्यावर त्याचा फारसा गुण दिसेना. पण चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला. संशोधनाची दिशा बदलली आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली. भारतात २००१ पासून देशी कंपन्यांनी सिल्डेनाफिल बाजारात आणले. फायझरची मूळ गोळी येथे २००५ च्या अखेरीस आली.

गोळीचे काम समजून घेतले, तर निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात. मनात इच्छा जागी झाली, की शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, रक्तवाहिन्या सैलावतात, इंद्रियात रक्त भरते आणि ताठरता येते. ती ओसरवण्याचे काम एक विकर करते. गोळी या विकराला काही काळ रोखून धरते, एवढेच. म्हणजे ही गोळी वासना निर्माण करीत नाही. मनात राग असेल, अबोला असेल, तर नुसत्या गोळीने काही घडत नाही.

'मला तर काहीच गुण आला नाही!'

एकदोनदा गोळी घेऊन निराश होणारे पुरुष पुष्कळ असतात. खोदून विचारले तर कारण साधेच निघते. कोणी लग्नाच्या पंगतीत तळकट, तुपकट जेवून वर गोळी घेतलेली असते. अशा जेवणानंतर सिल्डेनाफिलचा परिणाम उशिरा होतो. कोणी दहा मिनिटांत चमत्काराची वाट पाहतो. परिणामाला साधारण तास लागतो. कोणी धीर यावा म्हणून मद्य घेतो आणि मद्यच घात करते. सिल्डेनाफिलचा प्रभाव सुमारे चार तास असतो. टाडालाफिल या दुसऱ्या औषधाचा ३६ तासांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे घड्याळाकडे पाहण्याचा ताण कमी होतो. कोणते औषध, किती मात्रेत, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे. गुण येत नाही म्हणून एकाच्या दोन गोळ्या करणे हा शुद्ध अविचार आहे.

डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे, आम्लपित्त, क्वचित सगळे निळसर दिसणे, असे त्रास काहींना होतात आणि बहुधा थोड्या वेळात जातात. परंतु ताठरता चार तासांनंतरही ओसरली नाही, किंवा एकाएकी दिसेनासे वा ऐकू येईनासे झाले, तर लाज गुंडाळून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

हृदयरोगी सावधान

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीनची गोळी ज्यांच्याकडे असते, त्यांनी ही औषधे मुळीच घेऊ नयेत. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब एकदम खाली येतो आणि प्राणावर बेतते. लपवाछपवीचा खरा धोका येथे आहे. मध्यरात्री छातीत दुखू लागले आणि नवऱ्याने काय घेतले आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसेल, तर घाबरलेली बायको नेहमीची सॉर्बिट्रेट त्याच्या जिभेखाली ठेवणारच. तिचा त्यात काय दोष?

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. म्हणून रक्तवाहिन्यांचा आजार कित्येकदा आधी येथे दिसतो आणि हृदयात मागाहून. मधुमेह, उच्च रक्तदाब, सिगारेट, तंबाखू, लठ्ठपणा ही या तक्रारीमागची नेहमीची कारणे. जो पुरुष परस्पर दुकानातून गोळी आणतो, तो निसर्गाने दिलेली धोक्याची घंटाच बंद करून टाकतो. डॉक्टरांकडे गेला असता, तर साखर आणि रक्तदाब तरी तपासला गेला असता.

भिंतीवरचे वैद्य

आगगाडीतून शहरात शिरताना रुळांलगतच्या भिंतींवर 'निराश होऊ नका' असा दिलासा देणाऱ्या जाहिराती कोणी वाचल्या नाहीत? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार विषयक कायद्याने अशा जाहिरातींना मनाई आहे, तरी हा धंदा चालूच आहे. 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये गुपचूप सिल्डेनाफिल मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. जडीबुटी म्हणून निर्धास्तपणे ती घेणारा हृदयरोगी काय संकट ओढवून घेतो, हे वेगळे सांगायला नको.

पत्नीला विश्वासात घ्या

कपडे धुवायला टाकताना खिशात गोळ्यांची पट्टी सापडली, तर पत्नीच्या मनात पहिला विचार कोणता येईल? हा बाहेर कोठे जातो का? आणि नवरा महिनोन्‌महिने जवळ येत नसेल, तर ती स्वतःलाच दोष देते : माझ्यातच काही उणे आहे, मी आता त्याला आवडत नाही. दोघेही एकाच पलंगावर पाठ फिरवून झोपतात आणि दोघांचाही समज चुकीचा असतो.

'मला त्रास होतोय, आपण डॉक्टरांकडे जाऊ या,' एवढे एक वाक्य उच्चारायला धैर्य लागते हे खरे. पण ते ऐकल्यावर बहुतेक बायका हसत नाहीत, उलट त्यांच्या मनावरचे ओझे उतरते. डॉक्टरांकडे दोघे मिळून गेले, तर उपचारही सोपे होतात. कधी सिगारेट सोडणे आणि रोज चालणे उपयोगी पडते, कधी रक्तदाबाचे औषध बदलावे लागते, कधी मनातली भीती काढावी लागते, तर कधी गोळी लागते. लागली तर ती जरूर घ्यावी. फक्त तिची जागा चोरकप्प्यात नसावी; रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या शेजारी असावी.