तपासल्याचे सोंग

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने मेलेल्यांचा देशभरचा आकडा वर्षाला दहा हजारांच्या वर असतो. कुणी खांबावर चिकटून जातो, कुणी पिठाच्या गिरणीत, कुणी शेतातल्या मोटारीच्या पेटीपाशी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि पारावर निकाल लागतो, ‘त्याची वेळ आली होती.’ या वाक्याची मला चीड येते. यातल्या कितीतरी माणसांची वेळ आपण आणलेली असते, आणि ती कशी आणली हे मेलेल्याच्या खिशातला टेस्टर पाहिला तरी कळेल.

तो निऑन टेस्टर घराघरात आहे. त्यात एक मोठा रोध आणि एक इवलासा दिवा असतो, आणि दिवा पेटतो तो टेस्टर धरणाऱ्याच्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर. कोरड्या लाकडी घोडीवर उभे राहिले, भर उन्हात काम असले किंवा आतला दिवा फुटला असला, तर तारेत २३० व्होल्ट असूनही टेस्टर गप्प बसतो. पावसाळ्यात आत ओल शिरली तर प्रवाह रोध टाळून सरळ बोटात येतो. ‘टेस्टर लागत नाही, म्हणजे लाईट नाही’ हा आपल्याकडचा सर्वमान्य पुरावा असा तकलादू आहे. खरी रीत सोपी आहे. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी उपकरण तपासायचे, मग बंद केलेली तार तपासायची, मग पुन्हा त्या चालू ठिकाणी येऊन उपकरण अजून जिवंत आहे ना ते पाहायचे. मिनिटभराचे काम. ते होत नाही, कारण खाली उभा असलेला मालक ‘अजून किती वेळ?’ म्हणून ओरडत असतो.

मल्टीमीटरची कथा याहून वाईट. बाजारात दोन-अडीचशे रुपयांचा मीटर मिळतो. त्यावर हजार व्होल्टांचा आकडा छापलेला असतो आणि दहा अँपिअरच्या छिद्राजवळ बारीक अक्षरांत कबुलीही असते, की इथे फ्यूज नाही. वीजवाहिनीवर वीज पडली किंवा मोठा भार एकदम तुटला, तर क्षणभर हजारो व्होल्टांचा लोंढा येतो. तो सोसण्याच्या ताकदीवरून मीटरांचे वर्ग ठरतात. घरातल्या सॉकेटला दुसरा वर्ग चालतो, वितरण पेटीला तिसरा लागतो, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस तारेला चौथा. तिसऱ्या वर्गाच्या ६०० व्होल्टी मीटरने ६,००० व्होल्टांचा आघात सोसायचा असतो. आपण खेळण्याच्या लायकीचा मीटर देऊन माणसाला सोसायटीच्या मुख्य पॅनेलपुढे उभा करतो.

चांगला मीटर असला तरी त्याला चांगला राहू देत नाही. अँपिअरच्या छिद्रात पिन तशीच राहिली आणि टोके फेज-न्यूट्रलला लागली, की थेट शॉर्ट. त्या क्षणी वाळू भरलेला उच्च क्षमतेचा फ्यूज ठिणगीचा गळा आवळतो. तो महाग मिळतो, म्हणून एकदा उडाला की त्याच्या जागी तांब्याचा केस गुंडाळला जातो. पुढच्या चुकीला तांब्याची वाफ होते आणि मीटर तोंडावर फुटतो. तडकलेल्या लीडला चिकटपट्टी आणि गळक्या सेलचा गंज, हे तर आपल्याला दोष वाटतच नाहीत.

हे सारे अडाण्यांचे पाप, असे म्हणून शिकलेल्यांना हात झटकता येणार नाहीत. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून उपकरणाच्या धातूच्या अंगाला आणि अर्थिंगला जोडलेली असते. ती मेनशी जोडलेल्या सर्किटला लावली की मोठा जाळ होतो. त्यावर योग्य उपाय आहेत: आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डिफरन्शियल प्रोब. आपल्या प्रयोगशाळांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत मात्र अर्थिंगची पिन कापली जाते. स्कोप वाचतो, पण त्याचे सारे अंग जिवंत होते आणि पुढचा हात विद्यार्थ्याचा असतो. ज्या शिक्षकाने हे पाहून मान वळवली, त्याने त्या दिवशी वर्गाला काय शिकवले याचा त्याने विचार करावा. चांगली उपकरणे कुलपात ठेवून तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडणाऱ्या संस्थांनीही करावा. वर्षाकाठी कॅलिब्रेशन करायचे ते मापावर विश्वास ठेवता यावा म्हणून; आपण कागद मिळवतो.

खंडेनवमीला आपण मीटरला, पकडीला हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. त्याच पकडीच्या मुठीचे इन्सुलेशन फाटलेले असते. ज्या हत्यारापुढे हात जोडले ते नीट पाहण्याची तसदी घेत नाही, अशी भक्ती काय कामाची?

मुळाशी हाताच्या कामाबद्दलची आपली जुनी तुच्छता आहे. लेखणीवाल्याच्या खुर्चीला गादी, आणि खांबावर चढणाऱ्याला रबरी हातमोजेसुद्धा नाहीत. गावोगावचा ‘झिरो वायरमन’ आठवा. परवाना नाही, विमा नाही, कागदावर त्याचे नावच नाही. लाईन क्लिअर, म्हणजे वीज बंद करून काम करण्याचा परवाना, दुसऱ्याच्या नावाने, जीव याचा. शेजारच्या जनरेटरची वीज उलटी फिरून बंद तारेत आली, तर ते ओळखण्यासाठी त्याच्या हाती तोच टेस्टर. आणि रात्री-अपरात्री फोन करून त्याला चढवणारे आपणच असतो.

तुमच्या घरी उद्या वायरमन आला, तर मेन स्विच बंद करा, त्याला तपासायला वेळ द्या, त्याच्या मीटरच्या लीड पाहा आणि फाटक्या असतील तर काम थांबवा. तुम्ही सोसायटीचे सचिव, कंत्राटदार किंवा कारखानदार असाल, तर चांगल्या मीटरचे पैसे मजुरीतून न कापता स्वतः द्या. ते न देता माणूस खांबावर चढवलात आणि तो मेला, तर पंचनाम्यात अपघात लिहिले गेले तरी त्या मरणाचे धनी तुम्ही आहात.